वादळानंतरची वाडी : काय तोडावे, काय राखावे?

आगरातली | १४ जून २०२०, सकाळी

नमस्कार. आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढले, तेव्हा मी घरीच होते. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता असे नंतर वाचले. त्या वेळी आम्ही माजघरात बसून फक्त माड मोडल्याचे आवाज मोजत होतो आणि काही वेळाने अण्णांनी तेही मोजायचे सोडले.

वाडी २२ गुंठ्यांची आहे. ३१ माडांपैकी ९ मुळासकट आडवे झाले, ४ शेंड्याखाली मोडले आणि सात कलले आहेत. पोफळी साडेतीनशेच्या घरात होत्या, त्यांतल्या आज १४० उभ्या आहेत आणि त्यांतल्याही कित्येक वाकलेल्या आहेत. हापूसची दोन जुनी कलमे होती. त्यांतले एक, साधारण तीस वर्षांचे, विहिरीच्या अंगाला पूर्ण लोळले आहे आणि त्याची निम्मी मुळे आकाशाकडे आहेत. दुसऱ्याची मोठी फांदी बेचक्यातून फाटून खाली लोंबते आहे. फणसाचा शेंडा गेला, कोकमाची झाडे मात्र आश्चर्यकारकरीत्या बचावली. जायफळाची पाच झाडे माडांच्या ओंडक्यांखाली आहेत, त्यांचे काय झाले हे अजून दिसलेलेच नाही.

काल एक ठेकेदार येऊन गेला. यंत्र लावून दोन दिवसांत वाडी ‘साफ’ करून देतो, लोळलेले आणि कललेले सगळे कापून नेतो, नंतर नवीन लागवड करा, असे त्याचे म्हणणे आहे. अण्णा म्हणतात की पाऊस लागला आहे, झाडांना महिनाभर हात लावायचा नाही. मला दोन्ही टोके पटत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे की आधी काय करावे, कशाला थांबावे आणि कशाची आशा सोडावी.

सुरमाड | १४ जून २०२०, रात्री

ताई, आमची वाडी दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला आहे, तेव्हा तुमचे दुःख समजावून घ्यायला मला वर्णनाची गरज नाही. ठेकेदाराला आज तरी परत पाठवा. तो वाईट माणूस असेल असे मी म्हणत नाही, पण त्याला ओंडक्यांचे पैसे मिळतात, उभ्या झाडाचे मिळत नाहीत.

कोयत्याला हात लावण्यापूर्वी दोन कामे करावीत. झाडांत अडकलेल्या विजेच्या तारा मेलेल्या समजू नयेत. महावितरणच्या माणसाने खात्री दिल्याशिवाय त्या भागात कोणालाही पाठवू नये. दुसरे म्हणजे प्रत्येक पडलेल्या झाडाचे, मुळे आणि बुंधा दिसेल असे, छायाचित्र काढून मगच ते हलवावे. पंचनाम्याला येणारा माणूस ओंडक्यांच्या ढिगावरून झाडे मोजू शकत नाही आणि त्यावरून पुढे वाद होतात.

आता माडांविषयी. माडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि तो झावळ्यांच्या मधोमध, डोक्यात असतो. जे चार माड शेंड्याखाली मोडले ते संपले. त्यांना आंब्यासारखी बाजूने फूट येणार नाही, म्हणून त्यांची वाट पाहू नये. ज्यांच्या झावळ्या पिळवटल्या आहेत पण मधली सुई, म्हणजे अजून न उलगडलेले कोवळे पान, ताठ आणि हिरवे आहे, ते माड जगण्याची चांगली शक्यता आहे. सुईच्या टोकाला नारळाच्या शेंडीने खूण करून ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पाहावे. ती वर सरकली असेल तर माड कामाला लागला आहे. सुई पिवळी पडून ओढल्यावर हातात आली आणि बुडाला घाण वास आला, तर कोंब कुजला आहे.

कललेल्या माडांना सरळ करण्याचा हट्ट धरू नये. माडाची मुळे बुंध्याच्या कंदातून झुबक्याने निघतात आणि नवीन मुळेही तिथूनच येत राहतात. उघडी पडलेली मुळे मातीने झाकली, बुंध्याला भर दिली आणि सोडणांचा (नारळाच्या सालींचा) थर पसरला, तर कललेला माड दोन वर्षांत शेंडा पुन्हा आकाशाकडे वळवतो. आमच्या वाडीत माझ्या आजोबांच्या काळातला असा एक माड आहे. त्याच्या कमरेवर बसून तीन पिढ्यांनी शहाळी प्यायली आहेत.

करवतकाम | १५ जून २०२०

मी पुण्यात झाडांच्या छाटणीचे काम करतो, म्हणून माड-पोफळीवर बोलण्याचा मला अधिकार नाही. आंबा आणि फणस यांच्याविषयी लिहितो.

फाटून लोंबणारी फांदी आधी काढावी, कारण तिच्या वजनाने रोज थोडी साल खाली सोलत जाते. मात्र ती एका घावात तोडू नये. खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने तिच्या जाडीच्या पाव भागापर्यंत काप घ्यावा, मग त्याच्या चार बोटे पुढे वरून कापून वजन खाली सोडावे आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळ कापावा. खालचा काप न घेता वरून करवत चालवली की फांदी पडता पडता खोडाची साल गुडघ्यापर्यंत ओढून नेते. कापायला निघालेल्या माणसाने झाडाला केलेली ही दुसरी जखम पहिलीपेक्षा मोठी असते, हे मी दर पावसाळ्यात पाहतो.

शेवटचा काप कुठे घ्यायचा यावर सर्वाधिक चुका होतात. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेल्या सालीची एक फुगीर कड असते. ती कड खोडाची असते, तिला धक्का लावू नये आणि तिच्यापुढे वीतभर खुंटही ठेवू नये. खोडाशी सपाट कापले तर जखम विनाकारण मोठी होते, खुंट ठेवला तर तो सडतो आणि सड आत उतरते. कड शाबूत असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथून सालीची गोल वळी चढत येते. बेचक्यात फाटलेल्या जागी अशी कड उरलेली नसते. तिथे लोंबणारे धागे आणि सैल साल धारदार सुरीने काढून कडा गुळगुळीत कराव्यात, म्हणजे पाणी साचणार नाही.

जखमेवर डांबर, तैलरंग किंवा सिमेंट लावू नये. झाड जखम ‘भरून’ काढत नाही, ते सडलेल्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि वरून नवीन लाकूड वाढवते. अलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिले आणि जखमेवरच्या रंगाने सड थांबत नाही हेही दाखवले. डांबराखाली ओल कोंडते, एवढेच होते.

खारेपाट | १५ जून २०२०

‘करवतकाम’ यांचे बाकी सगळे मान्य आहे, पण शेवटच्या परिच्छेदाला कोकणात दुरुस्ती हवी. तिकडे छाटणी करून चार कोरडे दिवस मिळतात. इथे आता सप्टेंबरपर्यंत जखम कोरडी होणार नाही. डांबर नको हे बरोबर, परंतु बोर्डो पेस्ट हा रंग नव्हे, ते बुरशीनाशक आहे. आमच्याकडे कलमांची मोठी छाटणी केल्यावर ती लावतातच.

पेस्टसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी घ्यावे. फवारणीच्या १ टक्का मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना तेवढाच, पाणी मात्र १०० लिटर. मोरचूद निम्म्या पाण्यात रात्रभर भिजवावे, चुना वेगळा विरवून गाळावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळावीत. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नकोत. तयार मिश्रणात घासलेला विळा मिनिटभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. ही परीक्षा टाळून केलेल्या फवारणीने कोवळी पाने जळालेली मी पाहिली आहेत. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

करवतकाम | १५ जून २०२०, रात्री

मान्य आहे. ताज्या कापावर, भर पावसात, बुरशीनाशक म्हणून त्याचा उपयोग होईल. माझा आक्षेप इतकाच होता की पेस्ट लावली म्हणजे वेडावाकडा काप चालतो, असा समज होऊ नये. काप चुकला असेल तर वर काय लावले याला फारसा अर्थ नाही.

आगरातली | १७ जून २०२०

सर्वांचे आभार. ठेकेदाराला थांबवले आहे. लोंबणारी फांदी आज तीन कापांत काढली. खालचा काप घेताना करवत दोनदा अडकली, कारण फांदीचा भार खाली येऊन फट मिटत होती. शेवटी दोराने फांदी वरच्या बेचक्याला टांगली, तेव्हा काम झाले.

आता लोळलेल्या हापूसविषयी विचारते. शेजारच्या गावात यंत्राने कलमे उभी करत आहेत. आमचेही उभे करावे का? अण्णांनी ते माझ्या जन्माच्या वर्षी लावले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर ते देत नाहीत, उठून पडवीत जातात.

खारेपाट | १७ जून २०२०

कलम पाच-सात वर्षांचे असते तर उद्याच उभे करा म्हटले असते. लहान झाड उभे करताना उघडी मुळे ओल्या गोणपाटाखाली ठेवावीत, फाटलेली मुळे धारदार कात्रीने स्वच्छ कापावीत, ज्या बाजूला खड्डा पडला आहे ती बाजू आधी खणून रुंद करावी, मग रुंद पट्टा आणि चेनपुली लावून सावकाश ओढावे. तारेचा दोर सालीत रुततो आणि यंत्राच्या फावड्याचा दात एका धक्क्यात खोड सोलतो. मुळांची जितकी हानी झाली असेल त्या मानाने फांद्याही कमी कराव्यात, माती भरून आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाचे द्रावण ओतावे आणि तीन बाजूंनी आधार द्यावा.

तीस वर्षांच्या झाडाचे गणित वेगळे आहे. त्याची निम्मी मुळे अजून जमिनीत आहेत आणि तीच त्याला आज पाणी पाजत आहेत. यंत्राने ओढून उभे करताना तीच तुटतात. म्हणून माझे मत असे की त्याला लोळलेलेच राहू द्यावे. उघड्या मुळांवर माती आणि पालापाचोळ्याचा ढीग चढवावा, मोडक्या फांद्या स्वच्छ कापाव्यात, पण हिरव्या फांद्या शक्य तितक्या ठेवाव्यात, कारण तेच त्याचे स्वयंपाकघर आहे. खोडाची जी बाजू आता वर आली आहे तिने आजवर ऊन पाहिलेले नाही, ती तडकेल. पाऊस ओसरताच तिला चुन्याची सफेदी द्यावी. खोडावर सरळ उभे धुमारे फुटतील. त्यांतले अंतर राखून चार-पाच निवडावेत, बाकीचे कोवळे असतानाच काढावेत. कलमाच्या जोडाच्या खालून आलेला धुमारा मात्र रायवळाचा असतो, तो ठेवू नये. आणि या वर्षी कोणी काहीही सांगितले तरी कल्टार (मोहोर आणण्यासाठी मुळाशी घालतात ते औषध) घालू नये. आजारी माणसाला पळायला लावण्यासारखे ते आहे.

खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसू लागला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली असे समजावे. दुखावलेले कलम तिला आधी सापडते. छिद्रात तार घालून अळी काढणे हाच जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

मुंबईची_गच्ची | १९ जून २०२०

थोडे विषयांतर होते आहे, पण आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाची एक फांदी वादळात पडली आणि आता समितीला संपूर्ण झाड ‘डोक्यावरून’ उतरवायचे आहे. असे करता येते का?

करवतकाम | १९ जून २०२०

महानगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; सोसायटीच्या आवारातले झाड सोसायटीचे असले तरी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी शेंडा उडवणे चूकच आहे. डोके उडवलेले झाड घाबरून डझनभर धुमारे काढते. ते सालीलगतच्या लाकडात रुजलेले असतात आणि चार वर्षांत जड झाले की तेच वादळात आधी तुटतात. समितीला बुंध्याकडे पाहायला सांगा. सिमेंट किंवा फरशी खोडाला भिडलेली असेल तर आधी ती मीटरभर काढा. शहरात पडणारी अनेक झाडे मुळे कापली गेल्यामुळे पडतात, वाऱ्याचे फक्त नाव होते.

आगरातली | २४ जून २०२०

शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले आहेत आणि आधीपेक्षा ती रक्कम खूपच वाढवली आहे, हे मान्य करायला हवे. पण आमची वाडी २२ गुंठे, म्हणजे अदमासे २२ आर. हिशेब अकरा हजारांवर थांबतो. पडलेले ओंडके वाडीबाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक होते आहे. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत असतात आणि झाडे दाटीत असतात, हे हेक्टरच्या हिशेबात मावत नाही.

सुरमाड | २४ जून २०२०

पोफळीला धरू लागायला सहा-सात वर्षे लागतात, बाणवली (उंच जातीच्या) माडालाही तितकीच. हे नुकसान एका हंगामाचे नसल्यामुळे पीक नुकसानीच्या कोष्टकात ते बसतच नाही. असो, यावर वेगळा धागा काढावा, इथे झाडांविषयी बोलू.

ओंडक्यांचा विषय निघाला म्हणून निकडीची गोष्ट सांगतो. माडाचे ओंडके वाडीतच रचून ठेवू नका. कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि आज श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत त्याच्यासाठी जणू सूतिकागृहच उघडले आहे. त्याचे प्रौढ कीटक उभ्या माडांच्या सुईत शिरतात. पुढे पान उलगडले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. त्यामागून सोंड्या, म्हणजे खोड आतून पोखरणारा सोंडेचा भुंगा, येतो. गेंड्या माडाला कुरूप करतो, सोंड्या मारतो. खोडातल्या छिद्रातून तांबूस चिकट द्रव गळत असेल तर खोडाला कान लावून पाहावे, आत कुरतडल्याचा आवाज येतो.

चांगले ओंडके फळ्या, वासे यांसाठी लगेच चिरून घ्यावेत, उरलेले जाळावेत किंवा खोल पुरावेत. शेणखताच्या ढिगात मेटारायझियम ही बुरशी मिसळावी, तिने अळ्या मरतात. उभ्या माडांच्या वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग मिसळून भरावी. आणि हिरव्या झावळ्या साफसफाईच्या नावाखाली तोडू नयेत. तोडावीच लागली तर खोडापासून अडीच-तीन हात देठ ठेवून तोडावी, कारण ताज्या कापाच्या वासावर सोंड्या येतो. माडाच्या खोडावरची जखम कधीच भरत नाही. आंब्याच्या सालीखाली वाढीचा जो पातळ थर असतो तो माडाला नसतो. आधारासाठी माडात खिळा ठोकला तर ते भोक जन्मभराचे.

खारेपाट | २५ जून २०२०

पोफळींविषयी अजून कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. ताई, तुमच्या वाडीत पुढचे संकट वाऱ्याचे नाही, उन्हाचे आहे.

पोफळ माडांच्या सावलीत वाढलेले झाड आहे. डोक्यावरचे तेरा माड गेले, शेजारच्या दोनशे पोफळी गेल्या, आता उरलेल्या १४० आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर आल्या. ढगाळ हवेत काहीच कळणार नाही. ऑक्टोबरात दुपारनंतरचे तिरपे ऊन नैर्ऋत्येकडून खोडावर पडू लागले की त्या बाजूला हिरव्या खोडावर सोनेरी-पिवळे डाग पडतात, ते तपकिरी होतात, पुढे तिथेच चीर जाते आणि दोन-तीन वर्षांनी साधा वाराही ते खोड तिथून मोडतो. वादळाने न मारलेली पोफळ अशी नंतर मरते आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

उपाय स्वस्त आहे, कंटाळवाणा आहे. पडलेल्या पोफळींच्या विऱ्या (झावळीच्या बुडाच्या रुंद खोळी) आणि झावळ्या जाळू नका, कोरड्या करून ठेवा. गणपती झाले की प्रत्येक उभ्या खोडाच्या नैर्ऋत्य अंगाला त्या सुंभाने बांधा. वाडीच्या दक्षिण आणि पश्चिम कडेला आत्ताच केळी लावा. केळ वर्षात सावली देते. नवी पोफळ त्या केळींच्या आडोशाला पुढच्या पावसाळ्यात लावावी, २.७ मीटर अंतराने. आणि वाचलेल्या घडांसाठी कोळे रोगावरची (सुपारी कुजवणाऱ्या बुरशीवरची) १ टक्का बोर्डो फवारणी चुकवू नका. पहिली आत्ता, उघडीप मिळताच, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी.

आगरातली | ६ डिसेंबर २०२०

प्रामाणिकपणे कबुली देते. विऱ्या बांधायचे काम आम्ही निम्म्याच पोफळींना केले. माणसे मिळेनात, आणि खरे सांगायचे तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खोडे इतकी हिरवीगार होती की ‘खारेपाट’ काका उगाच भीती घालतात असे मला वाटले. आज वाडीत फिरून पाहिले. बांधलेल्या ७० खोडांपैकी तिघांवर डाग आहेत. न बांधलेल्यांपैकी ३८ खोडांना नैर्ऋत्य बाजूला तळहाताएवढे पिवळे चट्टे आहेत, काहींवर बोट फिरवले तर कड लागते. उरलेल्या सगळ्यांना आता बांधते आहे.

माडांपैकी कललेले सातही जगले. सुईला बांधलेल्या शेंड्या दीड हात वर गेल्या आहेत. मोडक्या जायफळांपैकी दोन बुंध्यातून फुटली. लोळलेल्या हापूसवर ऑगस्टमध्ये तांबूस पालवी आली, तेव्हा अण्णांनी स्वतः कुदळ घेऊन मुळांवर माती चढवली.

खारेपाट | ७ डिसेंबर २०२०

चट्टे पडलेल्या खोडांवरही विऱ्या बांधाव्यात, चीर अजून गेलेली नसेल तर निभावतात. त्यांच्यावर सुपारी काढायला मात्र पाडेलीला (झाडावर चढून फळे उतरवणाऱ्याला) चढू देऊ नका. खोड आतून किती उरले आहे हे बाहेरून कळत नाही.

सुरमाड | २० मे २०२१

चार दिवसांपूर्वी ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेले. ते इकडे किनाऱ्यावर चढले नाही, तरी आमच्याकडे उरलासुरला आंबा खाली आला आणि गेल्या वर्षी वाचलेले दोन माड गेले. दोन्हींना गेंड्याने खाल्ले होते. ताई, तुमच्याकडचे कळवा.

आगरातली | २३ मे २०२१

माड सगळे उभे आहेत. पोफळी ११ मोडल्या, आणि मोडलेल्या अकराही चट्टे पडलेल्या अडतीसांतल्याच होत्या. चट्ट्याच्या उंचीवरच मोडल्या, छातीपासून डोक्याएवढ्या उंचीवर, करवतीने कापाव्यात तशा. तरुण कोकमाला दिलेला आधार मात्र आमच्या चुकीने घातक ठरला. काथ्याची दोरी वर्षभर सैल करायची राहिली होती. खोड तिच्याभोवती फुगले आणि वाऱ्यात नेमके तिथून चिरले. आधार वर्षभरात सोडायचा असतो, बांधताना खोडाला थोडे हलायला जागा ठेवायची असते, हे मी इतरांना सांगत होते आणि स्वतः विसरले.

करवतकाम | २३ मे २०२१

हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. घट्ट बांधलेले झाड दोरीच्या भरवशावर राहते. चिरलेल्या कोकमाचा बुंधा जिवंत असेल तर चिरेच्या खाली स्वच्छ कापून पाहा, फुटण्याची शक्यता आहे.

आगरातली | ११ मे २०२४

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढते आहे, कारण दोन जणांनी व्यक्तिगत निरोपातून पुढे काय झाले ते विचारले.

पश्चिमेच्या केळी आता तिसऱ्या पिल्लावर आहेत आणि त्यांच्या आडोशाला लावलेल्या २१० श्रीवर्धनी रोठ्यांपैकी (ही इथली पोफळीची जात) १८० च्या आसपास रोपे माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत. जुन्या पोफळी ११५ उरल्या. कललेल्या सात माडांपैकी सहा धरत आहेत. सातव्यात सोंड्या निघाला, कान लावल्यावर आवाज आला तोवर उशीर झाला होता. कोकम बुंध्यातून फुटले आहे, पण ते नर आहे की मादी हे आठवत नाही, त्यामुळे फुलोऱ्याची वाट पाहते आहोत.

लोळलेल्या हापूसचे पाच धुमारे आता मनगटाएवढे जाड आहेत. या वर्षी त्याला पहिल्यांदा मोहोर आला आणि ४३ फळे धरली, त्यांतली २६ टिकली. फळे कंबरेच्या उंचीवर लागली होती, झेल्याची (फळे उतरवायच्या जाळीच्या काठीची) गरजच पडली नाही. अण्णा खुर्ची नेऊन खोडाशी बसले आणि बसल्या जागेवरून त्यांनी ती देठासकट काढली.